सत्तावीस नंबरच्या प्लॉटातले अण्णा

माझा भाऊ संगमेश्वर जाऊन आता तीन महिने झाले. आम्ही त्याला संगू म्हनायचो. लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, त्यो चढाया गेला अन् पायरीवरच बसला. कंडक्टरला वाटलं, थकला आसंल. काखंत फ्लेक्सची गुंडाळी व्हती. एकोनचाळीस वर्षांचा व्हता.

मी अंबिका, त्याची थोरली बहीन. मला भोकरला दिलेली हाय. हितं शेजारनी इचारत्यात, भाऊ काय करायचा. मी म्हनते, प्लॉटिंगमधी व्हता. मग त्यांला वाटतं जमिनीचा दलाल. दलाल न्हव्हता त्यो. पयलं भिंती रंगवायचा, खताच्या अन् सिमेंटच्या जाहिराती. मग फ्लेक्स आलं अन् भिंती रंगवनं बंद झालं. फ्लेक्सच्या मागनं स्कॅनर आलं. दुकानात पैसे द्यायला काळा-पांढरा चौकोन आसतो बगा, त्योच. ह्याला फोन दाखवला की प्लॉटाचा नकाशा उघडायचा, अन् एक व्हिडिओ, अन् ह्या मोकळ्या जमिनीवर उद्या घर कसं दिसंल त्याचं चित्र. संगू लोखंडी सळया रोवून रानारानात त्या पाट्या लावत हिंडायचा. लातूरपास्नं नांदेडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्याच्या हातच्या पाट्या हायत.

त्याला त्या कामाचं याडच लागलेलं. कोरी जमीन दिसली की त्याला तिथं घर दिसायचं. फोनातलं न्हाई, त्याचं त्याला. बोलता बोलता गप व्हायचा, डोळे बारीक करायचा, अन् म्हनायचा, अक्का, तिथं जिना बाहेरून हाय. मी म्हनायचे, कुठं रं, तिथं तर बाभळ हाय. त्यो म्हनायचा, बाभळीच्या मागं.

आता जमिनीचं सांगते, मग पुढचं कळंल.

रेनापूरजवळ आमची चार एकर जमीन व्हती. त्यात आमचे अण्णा हायेत. अण्णा म्हंजी आमचे वडील, विरूपाक्ष. आमच्यात मानसाला जाळत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, हातात लिंग देत्यात, इभूत अन् बेल भरून माती लोटत्यात, अन् वर वटा बांधत्यात. ज्याचं शेत हाय त्याला त्याच्याच शेतात. तसे अण्णा लिंबाच्या खाली बसलेत, सोळा वर्षं झाली. लहानपनी मी दुपारची त्या लिंबाखाली झोपायचे तवा वारं अंगावरून जायचं, अन् अण्णा औत सोडून येऊन शेजारी आडवं व्हायचे. आजबी डोळे मिटले की मला त्यांच्या पटक्याचा वास येतो.

मग रस्ता मोठा झाला. बाजूच्यांनी इकलं, त्यांच्या बाजूच्यांनी इकलं. अव्वा, आमची आई, आजारी पडून लातूरच्या दवाखान्यात व्हती. आम्हीबी इकलं. घेनारे किशनराव, नांदेडचे. त्यांच्या दोन्ही जिल्ह्यात प्लॉटिंग हायत. मानूस वाईट न्हाई, पन त्यांला सगळी जमीन फुटपट्टीनं दिसती. सही करताना संगू म्हनला, मालक, समाधीला धक्का लावायचा न्हाई. किशनराव म्हनले, माझ्या बापाची समजा. ते बोलन्यातच राहिलं, कागदावर आलं न्हाई.

मीबी सही केली. माझ्या वाट्यातनं माझ्या भोकरच्या घराचा स्लॅब पडला. संगूचा वाटा अव्वाच्या दवाखान्यात गेला अन् अव्वाबी गेली. त्या दिवसापास्नं मी रेनापूरला गेले तरी शेताच्या अंगाला बघायचे न्हाई. बसमधी त्या बाजूची खिडकी आली की पदर पुढं घ्यायचे.

किशनरावांनी आमच्या रानाला नाव दिलं मोगरा पार्क. मोगऱ्याचं एक झुडूप न्हाई तिथं. बेचाळीस प्लॉट पाडले, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. अन् पाट्यांचं, मानसं फिरवायचं सगळं काम संगूला दिलं. त्याच्या दोन वर्षांच्या कामाच्या बदल्यात नऊ नंबरचा प्लॉट त्याला द्यायचा ठरला. रस्त्याच्या कडंचा, पूर्वेला तोंड.

संगूचं लग्न जमत न्हव्हतं. पोरगी देनारे पयलं घर इचारत्यात, सोयरीक मग. म्हनून त्या नऊ नंबरावर त्याचा लई जीव. मला फोन करून बोलावलं. बसव जयंतीला मोगरा पार्काचं उद्घाटन हाय, आदल्या दिवशीच ये म्हनला. मी न्हाई न्हाई करत गेले. त्यो मला सरळ नऊ नंबरात घेऊन गेला. ऊन उतरलेलं, फक्की गुलाबी दिसून राहिली व्हती.

“हे दार,” म्हनला. “पाय उचल अक्का, उंबरा हाय.”

मी मोकळ्या रानात पाय उचलला. खरं सांगते, उचलला.

“ही न्हानी. हे देवघर, अव्वाचा फोटो हितं. ही तुझी खोली.”

“माझी कशाला रं? बायको हाकलून देईल मला.”

“ती तुझ्याच बाजूनं राहील. तशीच बघायची.”

आम्ही त्या घरात लई वेळ बसलो. भिंती न्हव्हत्या तर चारी बाजूनं वारं येत व्हतं. त्यानं मला खिडकी उघडून दिली. मी तिच्यातनं बघितलं तर समोर लिंब दिसला, अन् त्याच्या खाली अण्णांचा वटा. कितीतरी वर्षांनी बघितला. वट्याच्या भवती फक्कीची रेघ मारली व्हती.

“ह्ये काय?” मी म्हनले.

“सत्तावीस नंबर. नकाशा काढनाऱ्यानं रेघा मारल्या, त्यात अण्णा सत्तावीसमधी आले.”

“मग?”

“मालक म्हनत्यात बघू.”

दुसऱ्या दिवशी जे झालं ते आमच्याच मानसाच्या हातनं व्हईल आसं झालं.

संगू पहाटंच आंघोळ करून गेला. आमच्यात नवी वस्तू आली की पूजा करत्यात. गाडी आसू दे, तिजोरी आसू दे, पिठाची गिरनी आसू दे, तीन बोटांनी इभूत ओढत्यात. रस्त्यावर मोठा बोर्ड लावलेला, त्याच्यावर दाराएवढा स्कॅनर. संगूनं नारळ फोडला, उदबत्ती लावली, अन् ओली इभूत घेऊन त्या चौकोनाच्या मधोमध तीन आडवे पट्टे ओढले. मग वाटी घेऊन प्लॉटाप्लॉटावरच्या स्कॅनरच्या बेचाळीस पाट्यांकडं गेला. एकबी सोडली न्हाई. ऊन चढलं तशी इभूत वाळून पांढरीफेक झाली. मीच लांबून बघत व्हते. मला वाटलं, काय सुंदर दिसतंय, सगळं रान सोवळ्यात बसल्यावानी.

दहाच्या सुमाराला गाड्या आल्या. लातूरची मानसं, उदगीरची, काही नांदेडची. किशनराव फेटा बांधून उभे. ते म्हनले, मंडळी, आता कागद बघायचे दिवस गेले, फोन काढा. सगळ्यांनी फोन काढले. फोन नुसते त्या चौकोनाकडं बघत राहिले. उघडंना.

तनुजाताई धावत आल्या. नांदेडला त्यांचं फ्लेक्सचं दुकान हाय, स्कॅनर त्यांनीच बनवलेले.

“भाऊ, हे काय केलं?”

“पूजा केली.”

“स्कॅनरची?”

“नवी वस्तू हाय. अन् बोर्डाचं कपाळ कुठं आसतं ते मला कसं कळनार, मधी लावली.”

“आवो, त्याच्या रेघांवर रेघा मारल्यात तुम्ही. फोनला काय वाचायला येईना.”

“सगळ्यालाच लावलीया,” मी म्हनले. “बेचाळीसबी.”

तनुजाताईंनी माझ्याकडं बघितलं अन् हसू दाबाया तोंडाला रुमाल लावला. किशनराव हसले न्हाईत. पानी मारलं तर इभुतीचा चिखल झाला अन् चौकोन सगळा राखाडी. पुसून नीट व्हायला तासभर लागनार व्हता. उन्हात मानसं थांबवता येत न्हाईत. मालक म्हनले, संगू, पायी फिरव सगळ्यांला.

फोनात सत्तावीस नंबरवर तनुजाताईंनी गच्चीचा बंगला उभा केलेला, मालकांनी सांगितलं तसा. फोन उघडला आसता तर मानसांनी रस्त्यावर उभं राहूनच बंगला बघितला आसता. आता ती संगूच्या मागं चालत गेली. संगू खोटं बोलत न्हाई, ही त्याची खोड. पयल्या प्लॉटापास्नंच म्हनाया लागला, हिकडं पावसाळ्यात पानी साचतंय, चौदा नंबर घ्या. चालत चालत सगळे लिंबाखाली आले. सावली व्हती म्हनून थांबले. एका बाईनं वट्यावर पिशवी ठेवली.

“ह्ये कशाचं हाय?” कुनीतरी इचारलं.

“माझे अण्णा हायेत,” संगू म्हनला.

बाईनं पिशवी उचलली.

“म्हंजी पुरलेले?”

“बसवलेले. आमच्यात बसवत्यात.”

लातूरचे दोघं गाडीकडं चालायला लागले. एक म्हनला, स्मशानात घर बांधायचं का. दोन प्लॉट जवळजवळ ठरलेले, ते मोडले. सगळी मानसं गेल्यावर किशनराव फेटा काढून वट्याच्या कडंला उकिडवे बसले.

“संगमेश्वर, मी वाईट मानूस हाय का?”

“न्हाई मालक.”

“मग मला सांग, सत्तावीस कोन घेईल? सव्वीस कोन घेईल? आपन स्वामीला बोलावू, रीतसर पूजा करू, अन् अण्णांना गावात आपल्या लोकांच्या समाध्यांच्या जागेत नेऊ.”

“बसलेल्या मानसाला उठवत न्हाईत.”

त्याचा आवाज मोठा न्हव्हता. पन मी त्याला ओळखते, आता त्यो ऐकनार न्हव्हता.

आठ दिवस मी संगूच्या लातूरच्या भाड्याच्या खोलीत राहिले अन् त्याच्यासंगं रानात येत राहिले. किशनराव रोज येत, रेघांकडं बघत, जात. नवव्या दिवशी सकाळी हसत आले. संग तनुजाताई.

“सापडलं,” म्हनले. “समाधी हालवायची न्हाई.”

माझ्या डोळ्यात पानीच आलं.

“वर बारका कळस बसवू. स्कॅनरमधी टाकू, प्राचीन जागृत देवस्थान, प्लॉटापासून दहा पावलावर. मानसं उड्या मारत येतील. संगू, व्हिडिओत तूच बोल. तुझ्यावर लोकांचा इस्वास हाय.”

संगू हळूच म्हनला, “मालक, अण्णा देव न्हव्हते. अण्णा दोन कप च्या प्यायचे अन् अव्वाला चोरून तिसरा.”

“आता देव झाले.”

“काय बिघडतंय रं,” मी म्हनले. हे मीच म्हनले, दुसरं कुनी न्हाई. “म्हन की देव. निदान जागा तर राहील. न्हाई म्हनलास तर उठवतील त्यांना.”

संगूनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. लांब कुठंतरी बघितल्यावानी, जिना बाहेरून आसलेल्या घराकडं बघायचा तसं.

तनुजाताईंनी फोन धरला. संगूनं इस्त्रीचा शर्ट घातलेला. बोलायचं त्यांनी शुद्ध भाषेत लिहून दिलं व्हतं, निसर्गाच्या सान्निध्यात आपल्या स्वप्नातील घर. ते त्यानं पाठ म्हनलं, शाळेत कविता म्हनल्यावानी. रस्त्यापास्नं चालत आला, रुंद रस्ते, मुबलक पाणी. लिंबाखाली आला अन् थांबला. “आणि येथे आहे आपले प्राचीन जागृत,” एवढं म्हनायचा अन् पुढचा शब्द यायचा न्हाई. चार वेळा रस्त्यापास्नं परत चालत आला. चौथ्या खेपंला घाम पुसताना म्हनला, ताई, जीभ वळंना.

पाचव्या खेपंला लिंबाखाली आला, वट्याला हात लावला, अन् आपल्या भाषेत म्हनला, “अन् हिकडं माझे अण्णा हायेत. त्यांचा कुनाला तरास न्हाई. सावली बी त्यांचीच हाय, बसा.”

तनुजाताईंनी फोन खाली घेतला न्हाई. किशनराव म्हनले, “अरं देव म्हन.”

“देव आसते तर मला म्हनता आलं आसतं.”

“मग सत्तावीस घेनार कोन?”

“मी घेतो,” संगू म्हनला. “नऊ नंबर तुमचा तुम्हाला. माझ्या कामाचं सत्तावीस द्या.”

सत्तावीस नंबर अरुंद, अन् अण्णा बरोबर मधी. तिथं कुनालाच घर बांधता येत न्हाई, मोरीसुद्धा बसत न्हाई. किशनरावांनी फुटपट्टीची नजर एकदा नऊकडं नेली, एकदा सत्तावीसकडं आनली.

“येडा झालास का संगू,” मी म्हनले. “तुझं लग्न, तुझं घर.”

“घर दिसलंय मला अक्का. आपन बसलो की त्यात.”

किशनराव उठले. वट्यावरची पानं हातानं झाडली. “बरं,” म्हनले. “अन् व्हिडिओ हाय तसा राहू दे ताई. परत चालवू नका त्याला, ऊन लई हाय.”

नऊ नंबर पंधरा दिवसात इकला. संगू लातूरला त्याच भाड्याच्या खोलीत राहिला. सोयरीक बघायचं त्यानं सोडून दिलं, आम्ही कुनी इचारलं तर हसून दुसरंच बोलायचा, म्हनायचा, अक्का, काल धर्माबादच्या रोडला एक रान बघितलं, तिथं समदी घरं पांढरी हायत. सात महिन्यांनी त्यो गेला. त्याला रेनापूरला आमच्या लोकांच्या जागेत बसवलं. अण्णांजवळ बसवता आलं न्हाई, आता तिथं वस्ती व्हनार, नियम येगळा हाय म्हनले.

तीन महिने मला एकच घोर. सत्तावीस नंबरचा कागद झालाय का, हे मला मालूम न्हव्हतं. संगूनं सगळं बोलन्यावर केलेलं. पयल्या वेळंलाबी बोलन्यावरच राहिलं व्हतं. आता त्यो न्हाई, तर अण्णांना कोन बसू देनार. फोन करायला हात जाईना. शेवटी मागच्या आठवड्यात भोकरहून एकटीच निघाले. बसमधी त्या बाजूची खिडकी आली तवा पदर पुढं घेतला न्हाई.

मोगरा पार्कात चारपाच घरं उभी राहिलीत. मी लिंबाखाली जाऊन बसले. वटा हाय तसा व्हता. दुपारचं वारं सुटलेलं, मला गुंगी आली. अन् त्या गुंगीत संगूचा आवाज आला. रस्त्याकडनं येत व्हता. रुंद रस्ते म्हनला, मुबलक पाणी म्हनला. मी डोळे उघडले न्हाईत. आवाज त्याचा व्हता, बोलनं त्याचं न्हव्हतं, तरी मी ऐकत राहिले. हळूहळू जवळ आला. मग अगदी माझ्यापाशी येऊन म्हनला, अन् हिकडं माझे अण्णा हायेत. सावली बी त्यांचीच हाय, बसा.

डोळे उघडले तर एक म्हातारं जोडपं, हातात फोन. धर्माबादचे श्रीमंत गुरुजी अन् त्यांची मंडळी साखराबाई. संगूनं बसा म्हनलं म्हनून दोघंबी खरंच बसले माझ्याशेजारी.

“ह्येच का ते अण्णा?” साखराबाईंनी इचारलं.

“हाव. माझे वडील. बोलून राहिला त्यो माझा भाऊ.”

“आवाज लई गोड हाय. येतो का हितं?”

“न्हाई, गेला,” मी म्हनले. त्यांनी फोन पदरात झाकला. गुरुजींनी फोनातला नकाशा मला दाखवला. सगळ्या प्लॉटांना रंग दिलेले, सत्तावीस लाल. लाल म्हंजी इकलेला. कुनाला, ते लिहिलेलं न्हव्हतं.

किशनराव गुरुजींना प्लॉट दाखवायलाच आले व्हते, मागनं गाडी लावून आले. मला बघून थबकले. मी उभीसुद्धा राहिले न्हाई, बसूनच म्हनले, “मालक, सत्तावीस कुनाला दिला?”

“ताई, तुमालाच फोन करनार व्हतो. मलाच अवघड वाटत व्हतं, काय बोलायचं.” ते वट्याच्या कडंला उकिडवे बसले. “संगूनं मला सांगून ठेवलेलं, कागद अक्काच्या नावानं करा. म्हनला, तिनं सही केल्यापास्नं ती ह्या रानाकडं बघत न्हाई.”

मला वाटायचं पदराआडचं कुनाला दिसत न्हाई.

“सोमवारी रेनापूरला रजिस्ट्रीला या,” ते म्हनले. “आधार कार्ड आना, दोन फोटो आना. साक्षीदार मी बघतो.”

सोमवारी गेले. बोटं मशीनवर ठेवली, फोटो काढला, सही केली. कागद ओला आसल्यावानी मी दोन्ही हातांवर धरून बाहेर आनला. परत लिंबाखाली गेले तर गुरुजी अन् साखराबाई सव्वीस नंबरात उभे, त्यांनी तो घेतला व्हता. गवंडी दोरी धरून उभा, त्यांचं काही ठरंना.

साखराबाईंनी मला हाक मारली. “अंबिकाबाई, आमच्या घराचं दार तुमच्या अण्णांकडं ठेवलं तर चालंल का? वारं तिकडनंच येतंय.”

“ठेवा,” मी म्हनले. “त्यांनाबी सकाळी कुनी उठलेलं दिसंल.”